आरशातला बुरूज

कप्तानांना घाम फुटला होता. सकाळचे आठ वाजले होते, हवा गार होती, बसच्या खिडक्या उघड्या होत्या, आणि तरीही त्यांनी दोनदा टोपी काढून कपाळ पुसलं.

"तुम्हालाही गाडी लागते की काय?" शेजारी बसलेल्या कप्तानीणबाईंनी विचारलं.

"मला? सव्वीस वर्षं ही गाडी चालवलीय मी."

"चालवलीत हो. बसला कधी होतात?"

हे मात्र खरं होतं. या बसमध्ये प्रवासी म्हणून बसायची कप्तानांची ही पहिलीच वेळ. ते बसचे ड्रायव्हर, पण डोक्यावरच्या टोपीमुळे सगळे त्यांना कप्तानच म्हणत. सोमवार सोडून रोज ही निळी बस सहलीचे प्रवासी घेऊन शहरातून निघायची. आधी पक्ष्यांचं तळं, मग जुना दगडी पूल आणि शेवटी किल्ला, असं दाखवून संध्याकाळी परत यायची. गेल्या महिनाअखेरीला कप्तान निवृत्त झाले. कंपनीने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि याच सहलीचे जोडीने जायचे दोन पास दिले. घड्याळाने काही त्रास दिला नाही, ते पहिल्याच दिवशी बंद पडलं. घात केला तो पासांनी.

त्याचं असं होतं, की कप्तानीणबाईंना गाडी लागते. ड्रायव्हरच्या बायकोला गाडी लागावी ही दैवानेच केलेली थट्टा म्हणायची. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात ती दोघांच्या लक्षात आली होती, आणि त्या प्रवासाबद्दल जास्त न बोललेलंच बरं. कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत बाई तग धरायच्या, पुढे नाही. त्यामुळे घरापासून दोन तासांवर असलेला किल्ला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

म्हणूनच नोकरीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी कप्तान घरी आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. "काय काय पाहिलंत? सगळं सांगा. काही गाळू नका हं."

आता खरं सांगायचं तर कप्तानांनी त्या दिवशी तीन पार्किंग पाहिली होती. कंपनीचे दोन नियम होते आणि दोन्ही कडक होते. एक, प्रवासी फिरायला गेले तरी ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही. दुसरा, गाडी उभी करताना तोंड रस्त्याकडे हवं, म्हणजे वेळ आलीच तर क्षणात निघता यावं. म्हणजे तळं असो, पूल असो की किल्ला, सगळा इतिहास आणि सगळा निसर्ग कप्तानांच्या पाठीमागे. पण समोर असा आसुसलेला चेहरा असताना 'पार्किंग पाहिलं' म्हणायला जीभ रेटेना. परतीच्या वाटेवर प्रवासी काय काय बोलत होते ते त्यांच्या कानांवर पडलंच होतं. तेच त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं. बाई ताटातलं जेवण विसरून ऐकत राहिल्या.

झालं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं सांगितलं, तिसऱ्या दिवशी आणखी. सहा महिन्यांत कप्तान रोज बुरुजावर चढून वारा खायला लागले, तेही घरी चहा पिता पिता. सोमवारी सुट्टी असायची, पण सोमवारी तिन्ही ठिकाणं बंद. रजा काढून जाता आलं असतं, नाही असं नाही. पण पुढे पुढे कप्तानांना भीतीच वाटायला लागली. आपण सांगितलेला किल्ला तिथे नसलाच तर? त्यापेक्षा न गेलेलं बरं.

एवढ्यावरच राहिलं असतं तरी निभलं असतं. पण कप्तानीणबाईंच्या हातात सुई होती. त्या कपडे शिवायच्या, आणि भरतकामात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवऱ्याने सांगितलेला सगळा परिसर त्यांनी एका चादरीएवढ्या कापडावर भरायला घेतला. खाली तळं आणि त्यातल्या बेटावरचे पांढरे पक्षी, मध्ये दगडी पूल, वर किल्ला. अकरा वर्षं लागली त्यांना. रोज संध्याकाळी विचारायच्या, आज तळ्याला पाणी किती होतं, भिंतीवर शेवाळ कुठपर्यंत आलंय. किल्ल्याच्या बुरुजावर त्यांनी एक टोपीवाला बारका माणूस भरला होता, एक हात उंच केलेला. तो कोण ते सांगायची गरज नव्हती.

निवृत्तीचे कागद घेऊन बसवरच्या गाइडबाई घरी आल्या आणि त्यांनी ते कापड पाहिलं. झालं, त्यांनी तोंडावर हातच ठेवला. किल्ल्याच्या पायथ्याशी नवं माहिती केंद्र झालं होतं आणि त्याची मोठी भिंत कोरीच होती. आज दुपारी चार वाजता ते कापड तिथे लावायचं ठरलं होतं. कापड आता घडी करून कप्तानीणबाईंच्या मांडीवरच्या पिशवीत होतं. पोटात गाडी लागायची गोळी होती, मुठीत लिंबू होतं, आणि डोळे खिडकीबाहेर होते. एकोणसाठाव्या वर्षी त्या सहलीला निघालेल्या शाळकरी मुलीसारख्या दिसत होत्या.

आणि कप्तानांना घाम फुटला होता. थाप पकडली गेली तर आपली लाज जाईल ती जाईल, पण बायकोची अकरा वर्षं त्या भिंतीवर सगळ्यांसमोर हसण्यावारी जातील, हे त्यांना आठ दिवस रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. सांगून टाकायचं असं त्यांनी आठही दिवस ठरवलं आणि आठही दिवस मूग गिळून बसले.

तळ्याच्या पार्किंगमध्ये बस थांबली आणि नव्या ड्रायव्हरने ती सफाईने वळवून तोंड रस्त्याकडे केलं. हा चाळिशीतला गडी आधी मालाचे ट्रक चालवायचा, म्हणून त्याला सगळे ट्रकवाला म्हणत. बसवर येऊन त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. निवृत्तीआधीचा शेवटचा आठवडा कप्तानांनीच त्याला शेजारी बसवून रस्ता शिकवला होता.

कप्तान खाली उतरताच पार्किंगमध्ये एकच गलका झाला. चहावाली हाका मारत आली, पंक्चरवाल्याने हातातला टायर टाकून मिठी मारली, पार्किंगच्या पावत्या फाडणाऱ्याने आज पावती फाडायलाच नकार दिला. कप्तानीणबाई अभिमानाने बघत होत्या.

"केवढं ओळखतात हो तुम्हाला!"

"मग! सव्वीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत," म्हणत कप्तान ताठ मानेने तळ्याच्या फाटकातून आत शिरले.

"ओ काका," फाटकावरच्या रखवालदाराने हाक मारली. "पहिल्यांदाच येताय वाटतं? वाट इकडून आहे. तिकडे स्वच्छतागृह आहे."

"नवीन दिसतोय," कप्तान बायकोच्या कानात पुटपुटले.

"एकवीस वर्षं झाली मला इथे," रखवालदार म्हणाला. त्याचे कान चांगलेच तिखट होते.

"मला स्वच्छतागृहातच जायचं होतं," कप्तान म्हणाले, आणि बोललो ते निभवायला म्हणून जाऊनही आले.

पण तळ्याने त्यांची लाज राखली. बेट होतं, पांढरे पक्षी होते, पाणी पहिल्या पायरीपर्यंत होतं. झाड कापडात होतं तसंच पाण्यात वाकलेलं होतं. बाई काठावरच्या बाकावर बसून एकेक गोष्ट ओळखत होत्या आणि दर वेळी कप्तानांच्या गुडघ्यावर थाप मारत होत्या. त्यांना एकदाही मळमळलं नव्हतं. एक मोठा पक्षी पंख पसरून अगदी डोक्यावरून गेला तेव्हा दोघांनीही एकदमच "अरे!" म्हटलं. कप्तानांचं 'अरे' जरा जास्तच मोठं झालं. रोज बघणाऱ्या माणसाचं तेवढं मोठं होत नाही. बाईंनी वळून पाहिलं.

पुलाची गंमत वेगळीच होती. पुलाला कमानी नऊ की दहा यावरून परतीच्या वाटेवर प्रवाशांत रोज भांडण व्हायचं, म्हणून कप्तानांनी त्या काळी घरी साडेनऊ सांगून टाकल्या होत्या. बाईंनी लगेच विचारलं होतं, "अर्धी कुठल्या टोकाला?" दुसऱ्या दिवशी कप्तानांनी बसमधूनच नीट पाहिलं, तर खरोखरच एका टोकाची कमान गाळात अर्धी बुडालेली होती. आंधळ्याचा नेम लागावा तसं झालं होतं. आता प्रत्यक्ष पुलासमोर उभं राहून बाईंनी बोटांवर मोजल्या. साडेनऊ भरल्या.

"पण अहो, अर्धी कमान त्या टोकाला कशी? तुम्ही तर या टोकाला सांगितली होती."

कप्तानांना उत्तर सुचलं आणि त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. "अगं, पुलाला दोन बाजू असतात. आज आपण पलीकडून बघतोय."

"हो की," बाई म्हणाल्या. कप्तानांचा जीव भांड्यात पडला. आता एक किल्ला तेवढा राहिला होता.

किल्ल्याची टेकडी शेवटच्या वळणावर एकदम समोर येते. त्या वळणावर गर्दी असते, फुगेवाले असतात, मध्येच धावणारी पोरं असतात, आणि सव्वीस वर्षं कप्तानांची नजर तिथे रस्त्यावरून हलली नव्हती. आज पहिल्यांदाच ते मान वर करून बघायला मोकळे होते. त्यांनी पाहिलं, आणि काहीतरी खटकलं. काय ते कळेना. आपल्या घरात कोणीतरी सामान हलवून ठेवावं तसं वाटलं.

बाईंना मात्र क्षणात कळलं. दरवाजासमोर प्रवाशांचा घोळका थांबला होता, तिथे त्या मागेच उभ्या राहिल्या. बराच वेळ वर बघत राहिल्या.

"अहो. बुरूज डावीकडे आहे."

"हं."

"तुम्ही उजवीकडे सांगितला होतात."

"ते... आज आपण पलीकडून..."

"दरवाजा तर समोर आहे. पलीकडूनही दरवाजा आहे का किल्ल्याला?"

दैव बघा कसं असतं. पुढे गाइडबाई हातातल्या ध्वनिक्षेपकातून त्याच वेळी सांगत होत्या, "या किल्ल्याचं वैशिष्ट्य म्हणजे याला एकच दरवाजा आहे. मागच्या बाजूला सरळ कडा."

"पायऱ्या उजवीकडे आहेत," बाई हळूच म्हणाल्या. "मोठं झाडही उजवीकडे. मी सगळं डावीकडे भरलंय." आणि मग त्या पूर्ण वळून कप्तानांकडे बघायला लागल्या. "अहो, तुम्ही आत कधी गेलाच नाहीत ना?"

पितळ उघडं पडायचं तेव्हा ते असं भर दुपारी, चांगल्या उजेडात पडतं. कप्तानांनी टोपी काढली. कठड्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. नियम, पार्किंग, पहिल्या दिवशीचा तिचा चेहरा, प्रवाशांच्या गप्पा. थाप कशी वाढत गेली आणि नंतर मागे कसं फिरता येईना. एवढं लांब आणि एवढं खरं ते बायकोशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

"एकदाही नाही?" बाईंनी विचारलं.

"एकदाही नाही."

"मग बुरुजावर तो टोपीवाला?"

कप्तानांनी हातातली टोपी पाठीमागे लपवली.

बाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. "मला राग कशाचा आलाय सांगू? थापेचा नाही. थापा तुम्ही मारता, मला माहीत आहे, टाकी धुतली म्हणून सांगता आणि झाकण पुसता. पण मी घरी बसून होते तेव्हा मला वाटायचं, दोघांतल्या एकाने तरी बघितलंय. तेवढ्यावर मी खूश होते हो." त्यांनी पिशवी जवळ ओढली. "आणि तुम्ही तिथे बाहेर बसून होतात. माझ्यासारखेच."

 कप्तानांना रडू येत होतं आणि भोवती फुगेवाले होते.

"कापड लावायचं नाही," बाई उठल्या. "त्यांना सांगा, मला बरं वाटत नाही. मी गाडीत जाऊन बसते."

ज्या बसला त्या जन्मभर घाबरल्या तिच्यातच जाऊन बसायची वेळ आली होती. पिशवी छातीशी धरून त्या तरातरा पार्किंगकडे गेल्या. कप्तान मागोमाग. समोरच माहिती केंद्र होतं. त्याच्या कोऱ्या भिंतीला लागूनच एक भलीमोठी खिडकी होती, आणि खिडकीतून किल्ला अख्खा दिसत होता. म्हणजे शेजारी शेजारी खरा किल्ला आणि भरलेला किल्ला. कोणीही एक नजर टाकली असती तरी चूक कळली असती.

बस नियमाप्रमाणे तोंड रस्त्याकडे करून उभी होती. ट्रकवाला स्टिअरिंगवर पेपर पसरून कोडं सोडवत होता. बाई वर चढल्या. ड्रायव्हरच्या सीटकडे त्यांनी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"उठा जरा," त्या ट्रकवाल्याला म्हणाल्या.

"पण वहिनी, नियम..."

"गाडी नेत नाहीये मी. नुसतं बसणार आहे."

ट्रकवाला उठला. बाई बसल्या. त्यांचे पाय ब्रेकपर्यंत पोहोचत नव्हते. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला, समोरचा रिकामा रस्ता पाहिला, पावत्या फाडणाऱ्याची खुर्ची पाहिली, कचऱ्याचा डबा पाहिला. सव्वीस वर्षं या माणसाने समोर हेच पाहिलं होतं. मग काच पुसावी तशी त्यांची नजर वर सरकली आणि डोक्यावरच्या लांबरुंद आरशात अडकली.

कप्तान दाराच्या पायरीवर उभे होते. बायकोच्या चेहऱ्यावर काय होतंय ते त्यांना कळेना.

"अहो, इकडे या," बाई म्हणाल्या. "हे बघा."

कप्तानांना बघायची गरज नव्हती. मागच्या काचेतून किल्ला आरशात उतरला होता. बुरूज उजवीकडे. पायऱ्या डावीकडे, पायऱ्यांशी मोठं झाड. बुरुजाच्या कठड्याला सात दात, त्यातला कडेपासून तिसरा तुटलेला. भिंतीवर शेवाळाची ओल, ती दुसऱ्या झरोक्यापर्यंत आलेली.

"हे तर माझं कापड आहे," बाई म्हणाल्या.

"अगं, आरशात उजवीकडे दिसतो म्हणून मी उजवीकडेच सांगितला. मागून उजव्या बाजूने ट्रक आला की आरशात उजवीकडेच दिसतो. आमच्यासाठी तेच उजवं. वळून बघायची वेळच आली नाही कधी."

"बरोबर आहे कप्तानांचं," ट्रकवाला म्हणाला. धंद्यातली गोष्ट निघाली तेव्हा त्याला राहवलं नाही. "आरशावर विश्वास नाही ठेवला तर माणूस मरेल."

बाई आरशातून नजर काढत नव्हत्या. "तो तिसरा दात. ती ओल. मी विचारायचे, आज ओल कुठपर्यंत आलीय, आणि तुम्ही सांगायचात. ते सगळं बघून सांगायचात?"

"दुसरं काय बघणार? रोज अडीच तास. तू विचारणार हे माहीत असायचं, म्हणून नीट बघून ठेवायचो." कप्तान घुटमळले. "वरचं मात्र सगळं ऐकीव. बुरुजावरचा वारा वगैरे."

"वरचं नंतर बघू," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आता काहीतरी निराळंच होतं. त्या सीटवरून उतरल्या. पिशवीतून कापड काढून त्यांनी चार सीटांवर पसरलं. काठावरून हात फिरवला. मग दोन्ही टोकं धरून एका झटक्यात ते पालथं केलं.

कापडाची मागची बाजू. भरतकामाची मागची बाजू म्हणजे गाठींचं आणि लोंबत्या दोऱ्यांचं जंगल असतं. दहांतल्या नऊ बायका ती कोणाला दाखवत नाहीत. पण कप्तानीणबाईंना हे काम त्यांच्या मावशीने शिकवलं होतं, आणि मावशी मोठी खाष्ट. शिकवताना आधी कापड उलटून बघायची आणि गाठ दिसली की सगळं उसवायला लावायची. पुढून काय, कोणीही चांगलं दिसतं, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून बाईंनी आयुष्यात दोऱ्याला गाठ मारली नव्हती. दोऱ्याचं टोक टाक्यांखालून ओढून घ्यायचं, की दिसेनासं होतं.

पालथ्या कापडावर तोच किल्ला होता, तितकाच रेखीव. बुरूज डावीकडे, पायऱ्या उजवीकडे. पुलाची अर्धी कमान बरोबर त्या टोकाला. तळ्यात वाकलेलं झाडही जिथे असायला हवं तिथे होतं. कापडावर ते उलट्या बाजूला भरलंय हे मघाशी बाकावर बसून बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मावशीला रडत रडत शिव्या दिल्यात मी," बाई म्हणाल्या आणि हसायलाच लागल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. "वाजले किती?"

"साडेतीन."

"मग उभे काय राहिलात? चला की."

चारच्या ठोक्याला कापड भिंतीवर चढलं. केंद्राच्या प्रमुख बाई जवळ येऊन बघायला लागल्या. एकदा खिडकीतून किल्ला, एकदा कापड. "विटाच मोजल्यासारख्या वाटतात हो! उलट बाजू दाखवाल का जरा? मला बघायला आवडते."

"हीच उलट आहे," कप्तानीणबाई म्हणाल्या. "सरळ बाजू यांच्या आरशात आहे."

प्रमुख बाईंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या. गाइडबाईंनी टाळ्या वाजवल्या, प्रवाशांनीही वाजवल्या. एका आजोबांनी चष्मा पुढे ओढून बुरुजावर बोट ठेवलं. "आणि हा टोपीवाला कोण हो?"

"आमचे हे," बाई म्हणाल्या. "अजून पोहोचायचेत."

दरवाजा पाचला बंद होणार होता. पायऱ्या दोनशे बारा. प्रवाशांच्या गप्पांतून हा आकडा कप्तानांना तोंडपाठ होता, पण आकडा पाठ असणं वेगळं आणि गुडघ्यांनी मोजणं वेगळं. शंभराव्या पायरीवर ते थांबले, दीडशेव्या पायरीवर पुन्हा थांबले. बाई पुढे. शिवणयंत्र चालवून चालवून त्यांचे पाय पोलादाचे झाले होते.

"रोज चढायचात ना?" त्या वरून म्हणाल्या.

"चहा पिता पिता चढायचो. तेव्हा दमायला व्हायचं नाही."

बुरुजावर पोहोचले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, अर्धा दम लागला म्हणून आणि अर्धा समोरचं पाहून. तळं दूर खाली चकाकत होतं. पूल दिसत होता, त्याच्या पलीकडे रानाची हिरवी पट्टी आणि तिच्यामागे टेकड्यांच्या रांगा. इथे हाक मारली की तीनदा ऐकू येते, असं ते घरी सांगायचे. त्यांनी मारून पाहिली. एकदाच ऐकू आली, तीही पुसटशी. वारा मात्र ते सांगायचे त्याच्या दुप्पट होता.

"कमी सांगितलंत तुम्ही," बाई म्हणाल्या. ओढणी उडावी तसा त्यांचा पदर फडफडत होता. "इतकी वर्षं थापा मारल्यात त्यासुद्धा कमीच मारल्यात." त्यांनी कप्तानांचा हात घट्ट धरला. कप्तानांना त्या क्षणी इतका आनंद झाला की आपण काय केलं होतं तेही ते विसरले.

"आता हात वर करा. कापडातल्यासारखा."

कप्तानांनी टोपी सावरून उजवा हात उंच केला.

"डावा, डावा! आता आपली उलट बाजू लागलीय."

कप्तानांनी डावा हात वर केला. खाली पार्किंगमध्ये काडेपेटीएवढी निळी बस तोंड रस्त्याकडे करून उभी होती. क्षणभराने तिचा भोंगा वाजला, एकदा आणि पुन्हा एकदा. ट्रकवाल्याने आरशात पाहिलं होतं.

खाली उतरून दोघं बसपाशी आली तेव्हा सगळे प्रवासी जागेवर बसले होते. कप्तानांनी ट्रकवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐक, पुढच्या रविवारी मी येतो. गाडीत मी बसेन, तू वर जाऊन ये. नियम ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही असा आहे, आणि मीही ड्रायव्हरच आहे."

"कशाला उगाच त्रास घेता कप्तान?" ट्रकवाला गाडी चालू करत म्हणाला. "मला आता सगळं माहीत झालंय. लोक बोलत असतात ना मागे. परवाच घरी बायकोला सांगितलं सगळं, जेवायचं विसरून ऐकत होती. वर वारा किती असतो, हाक कशी तीनदा ऐकू येते..."

कप्तानीणबाई पायरीवरच थांबल्या. "आणि बुरूज? तो कुठल्या बाजूला सांगितलात?"

ट्रकवाल्याने एकदा आरशात पाहिलं, खात्री करून घेतली.

"उजवीकडे."

बाईंनी कप्तानांकडे पाहिलं, कप्तानांनी बाईंकडे. मग बाईंनी सकाळचं लिंबू पिशवीतून काढून ट्रकवाल्यापुढे धरलं. "पुढच्या रविवारी बायकोला घेऊन या. गाडी हे सांभाळतील. आणि तिलाही गाडी लागत असेल, तर हे द्या."